रॅमचा नुसता आकडा बघू नका हो!

इंदूरच्या कुठल्याही काउंटरवर तेच ऐकू येतं: ‘भिया, बड़ा नंबर ले लो!’ अरे, नुसता ७२०० चा स्पीडचा आकडा काय चाटायचाय? सीएल बघा, म्हणजे मागितलेला डेटा द्यायला रॅम किती क्लॉकचे ठोके घेते ते! सीएल गुणिले २०००, भागिले स्पीड, की विलंब नॅनोसेकंदात मिळतो; जितका कमी तितका चांगला. ६००० सीएल ३० म्हणजे १० नॅनोसेकंद, ७२०० सीएल ३६ म्हणजेही १०च, आणि स्वस्त म्हणून गळ्यात मारलेली ६००० सीएल ४० म्हणजे १३.३. एएमडीचा रायझन ७००० किंवा ९००० प्रोसेसर असेल तर ६००० सीएल ३० घ्या. ६४०० च्या वर गेलं की मेमरी कंट्रोलर (प्रोसेसरमधला रॅम हाताळणारा भाग) बहुधा निम्म्या वेगावर उतरतो.

खरा संताप येतो तो पुढे. एवढी महागडी रॅम लावतात आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारं सेटिंग, चालूच करत नाहीत! ती बिचारी वर्षभर ४८०० नाहीतर ५६०० वर रांगते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा स्पीड बघायला अर्धं मिनिट लागतं!

रॅमच्या स्टिक दोनच लावा, सीपीयूकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. चार कोंबल्या की रायझन ७००० चा अधिकृत वेग ३६०० वर येतो. आणि पहिल्यांदा स्क्रीन काळी राहिली तर पॉवर बटण दाबत सुटू नका, मेमरी ट्रेनिंग (सिस्टमचं नव्या रॅमशी जुळवून घेणं) चालू असतं. थांबा की काही मिनिटं!