फेट्याला रंग काय चढंना

रंग निवडलाय, ब्रशचा गोल स्क्रीनवर झकास फिरतोय, माऊस घासून घासून मनगट दुखायला लागलंय आणि फोटोवर काही म्हणजे काही उमटत नाहीये. एरर नाही, मेसेज नाही, साधं 'नाही जमणार भावा' एवढं सुद्धा कोण सांगत नाही. हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल.

आमच्यात हे सगळं मामामुळं सुरू झालं. मामानं नवीन घर बांधलंय, वास्तुशांत तोंडावर आलीय आणि हॉलमध्ये आज्जाचा फोटो मोठ्ठा करून लावायचाय. आज्जा पैलवान माणूस. शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधलेल्या खासबाग मैदानात कुस्ती मारली आणि तिथनं थेट स्टुडिओत जाऊन फोटो काढला, अंगावर शाल, डोक्याला फेटा, मिशीला पीळ. फक्त फोटो ब्लॅक अँड व्हाइट. मामा म्हणाला, "तू दिवसभर कॉम्प्युटरवरच असतोस की, नुसता रंग तर मारायचाय, त्यात काय अवघड हाय मर्दा?"

आधी मोबाइलमधल्या एका आपोआप रंग भरणाऱ्या ॲपला दिला. त्यानं चेहरा बरा केला पण फेटा चक्क चॉकलेटी. मामानं बघितलं आणि विचारलं, "हा कुठल्या गावचा पाहुणा?" मग हातानंच करायचं ठरलं आणि जिम्प नावाचं फोटोवर काम करायचं सॉफ्टवेअर उघडलं. हे जिम्प १९९६ साली बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी लोकांसाठी खुलं केलं, आजपण फुकट आहे आणि चांगलं आहे, वाईट बोलायचं काम नाही. फक्त ते सांगितलं तेवढंच करतं, आणि आपण नेमकं काय सांगितलंय ते आपल्यालाच माहीत नसतं.

पहिल्यांदा गुलाबी रंग घेऊन फेट्यावर ओढला तर राखाडी उमटला. परत गर्द गुलाबी घेतला, गर्द राखाडी. मॉनिटर गेला की काय म्हणून केबल हलवून झाली, चष्मा पुसून झाला. शेवटी वर टायटलबारमध्ये बघितलं तर 'ग्रेस्केल' असं बारीक अक्षरात लिहिलेलं, म्हणजे त्या फाइलमध्ये रंग नावाची गोष्टच अस्तित्वात नाही, तुम्ही कुठलापण रंग घ्या ती त्याची करड्या भाषेत नोंद करून घेणार. मोड बदलून आरजीबी, म्हणजे रंगीत, केला तेव्हा कुठं गुलाबी दिसला.

तोवर आज्जाच्या फेट्याचा शेमला फोटोच्या कडेला कापलेला दिसला म्हणून दुसऱ्या फोटोतला एक शेमला कापून आणून पेस्ट केला. तो आला 'फ्लोटिंग सिलेक्शन' होऊन. माझ्याकडं जुनं २.१० व्हर्जन. त्यात पेस्ट केलेली वस्तू अशी अधांतरी लोंबकळत राहते, आणि तिला खाली चिकटवा नाहीतर तिचा वेगळा लेअर करा (लेअर म्हणजे फोटोवर ठेवलेला पारदर्शक कागद समजा), तोवर दुसऱ्या लेअरला हात लावू देत नाही. २०२५ ला ३.० आलं त्यात पेस्ट केलं की सरळ नवीन लेअर होतो म्हणे, तर ज्यांनी अपडेट केलंय त्यांनी आम्हाला हसावं.

लेअर केला. आता शेमल्यावर रंग बसायला लागला, पण शेमल्याच्या कडेला एक पिवळी तुटक रेघ होती त्याच्या पलीकडं ब्रश गेला की रंग गायब. इथं माझं डोकं फिरलं, कारण ही रेघ म्हणजे शेताचा बांध आहे. आम्हा ऊसवाल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको, दिसायला सगळा फड एकच दिसतो, हिरवागार, पण सातबारा प्रत्येकाचा वेगळा आणि चुलत्याच्या हद्दीत तुमची एक सरी पण चालत नाही. पेस्ट केलेल्या लेअरची हद्द शेमल्याएवढीच, फोटोएवढी नव्हे. 'लेअर टू इमेज साइझ' असा एक पर्याय आहे, तो दाबला की मोजणी न करता, तलाठ्याला न भेटता हद्द वाढते. एवढं एक तरी बरं.

मग मास्क. फेट्याची कड चेहऱ्यावर येत होती ती झाकायला लेअरला मास्क लावला आणि परत रंगवायला घेतलं, तर गुलाबी चढायच्या ऐवजी होता तो फेटाच विरळ व्हायला लागला. मास्कला रंग कळत नाही, त्याला काळं म्हणजे झाका आणि पांढरं म्हणजे दाखवा एवढंच कळतं, मधला कुठलापण रंग दिला की तो अर्धवट झाकतो. आणि लेअर निवडलाय का मास्क, हे ओळखायची खूण म्हणजे लेअरच्या यादीत जे निवडलंय त्याच्या नखाएवढ्या चित्राभोवतीची पांढरी किनार. आज्जा माझ्यासमोर हळूहळू टकला होत होता आणि मी किनार शोधत होतो.

यातनं बाहेर पडलो तर परत ब्रश चालंना. राजारामपुरीत एका फ्लेक्सच्या दुकानात ओळखीचा पोरगा आहे, दिवसातनं पन्नास वाढदिवस छापतो, त्याला फोन लावला. तो म्हणाला, "कुठंतरी सिलेक्शन राहिलं असणार दादा, कंट्रोल डी मारा." मारला. नवीन खिडकीत आज्जा. परत मारला, अजून एक आज्जा. कारण कंट्रोल डीनं सिलेक्शन सुटतं ते फोटोशॉपमध्ये, आमच्यात त्याच बटणानं अख्ख्या फोटोची कॉपी निघते, इथं सोडवायचं तर कंट्रोल शिफ्ट ए. पोरगं मात्र बरोबर बोललं होतं, खाली कोपऱ्यात तांदळाएवढं सिलेक्शन चालूच होतं, आणि सिलेक्शन असलं की ब्रश फक्त त्याच्या आतच चालतो.

ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांनी नाटकाचे पडदेच्या पडदे रंगवले, त्या गावात मला एक फेटा होईना. त्यांना एक सुख होतं, ब्रश लावला तिथंच रंग लागायचा.

शेवटी लेअरचा मोड, म्हणजे वरचा रंग खालच्या फोटोत कसा मिसळायचा ते, 'मल्टिप्लाय' केला, कारण उन्हानं फोटोतला फेटा पांढराफटक पडलेला आणि 'कलर' मोडमध्ये पांढऱ्यावर रंग जेमतेमच दिसतो. मल्टिप्लायला पांढऱ्यावर रंग जसाच्या तसा बसला आणि फेट्याच्या घड्या पण शाबूत राहिल्या. एक नंबर दिसत होता. लगेच फॅमिली ग्रुपवर टाकला.

मावशीचा आवाज आला, आमची मावशी अस्सल कोल्हापुरी, "गुलाबी कुणी सांगितला? फेटा आबाळी होता. मी तवा तिथं होतो."

मामा म्हणे, "तू तवा पाळण्यात होतीस, गुलाबीच." आई म्हणे, "दोघं पण काय बी सांगताय, भगवा होता." रात्री साडेअकरापर्यंत ग्रुपवर तीन रंगांची कुस्ती चालली, बरोबरीत सुटली. मग मामाचा मला फोन.

"असं कर, तिन्ही रंगांचे करून ठेव. लेअर हाईत की तुझ्याकडं. जो घरी येईल त्याला त्याचा दाखवू."

"मामा, भिंतीवर फ्रेम लावणार ना तुम्ही?"

"व्हय. मग?"