टार्गेट, टॅली आणि ‘काही नाही सर, ठीक आहे’

कामाच्या ताणाचा विषय निघाला की प्राणायाम करा, ध्यान करा, सकारात्मक राहा, हे सल्ले लगेच सुरू होतात. मी बँकेत शाखा व्यवस्थापक आहे. आमच्याकडचा बराचसा ताण कामाच्या रचनेतूनच येतो, असं माझं ठाम मत आहे. प्राणायाम जरूर करावा. पण रात्री साडेनऊला ग्रुपवर ‘आज किती पॉलिसी झाल्या?’ असं विचारलं जात असेल, तर पहाटेचा प्राणायाम किती पुरणार?

बाहेरून बँकेची नोकरी सुखाची दिसते. आत रांग, मध्येच गेलेली लिंक, केवायसीसाठी तिसऱ्यांदा आलेले आजोबा, आणि वर विमा विकायचं टार्गेट. कॅशियरचं तर विचारूच नका. संध्याकाळी कॅश टॅली झाली नाही, तर कमी पडलेले पैसे त्यानं खिशातून भरायचे.

आमचा एक कॅशियर मूळचा बोलका. हळूहळू तो मशीनमधून मोजून निघालेली बंडलं पुन्हा हातानं मोजायला लागला. मोजून झालं की परत पहिल्यापासून. सगळ्यांबरोबर जेवायचं सोडून कॅश केबिनमध्येच डबा उघडायचा आणि निम्मा तसाच घरी न्यायचा. सोमवार आला की ॲसिडिटी ठरलेली. काय झालं विचारलं की ‘काही नाही सर, ठीक आहे.’ हल्ली चिडका झालाय, अशी कुजबुज सुरू झाली होती. ताण असाच दिसतो. ‘मला ताण आलाय’ असं सांगत कोणी येत नाही, वागणं बदलतं.

शाखा बंद झाल्यावर त्याला चहाला नेलं आणि एकच विचारलं, ‘झोप लागते का रे?’ कामाबद्दल विचारलं की माणूस सावध होतो, झोपेबद्दल खरं सांगतो. बराच वेळ बोलला. पहाटे तीनला जाग यायची आणि डोक्यात दिवसभराच्या नोटा सुरू व्हायच्या. काही आठवडे त्याला कॅशवरून काढून चेक क्लिअरिंगच्या कामाला बसवलं. कॅशवर बसणाऱ्याकडे विम्याचं टार्गेट द्यायचं नाही, असं शाखेपुरतं ठरवून टाकलं. सातनंतर शाखेच्या ग्रुपवर मेसेज नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला तो आधी तयार नव्हता (‘लोक काय म्हणतील’ हे आलंच), पण बायकोनं समजावल्यावर गेला. ज्यांना थेट दवाखान्यात जायला अवघड वाटतं, त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची नोंद केली, तीही आजार म्हणून नव्हे, कामाशी निगडित अवस्था म्हणून. अंगातलं त्राण संपणं, कामाबद्दल कडवटपणा येणं, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं, ही तिची लक्षणं. याच संघटनेनं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेबरोबर २०२१ मध्ये मांडलेला निष्कर्ष आणखी गंभीर आहे. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो. २०२४ मध्ये पुण्यात नोकरीला लागून चार महिन्यांत मरण पावलेल्या २६ वर्षांच्या सीए मुलीच्या आईचं, कामाच्या ताणाला दोष देणारं पत्र आपण सगळ्यांनी वाचलं, हळहळलो, आणि दुसऱ्या दिवशी रात्रीच्या रिव्ह्यू कॉलला बसलो. याचा मला मनापासून राग येतो.

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. पण सातनंतर ग्रुप शांत ठेवायला कायदा कशाला लागतो?

झोनच्या पुढच्या बैठकीत मी दोन मागण्या लेखी देणार आहे: कॅश काउंटरला विमा टार्गेटमधून पूर्ण सूट, आणि रात्रीचे रिव्ह्यू बंद. बँकेतल्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्या शाखेत काय चालतं ते इनबॉक्समध्ये कळवा. तुमचं किंवा शाखेचं नाव कुठेही येणार नाही.