व्होगिंगला ‘नक्कल’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. व्होगिंग या नृत्यप्रकारावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया कालच वाचली, पण लगेच लिहिलं असतं तर तोल गेला असता, म्हणून आज उत्तर देतोय. मतभेदाचं मला वावडं नाही. पण “असल्या लोकांच्या नाचावर एवढं लिहायला वेळ बरा मिळतो” हा मतभेद नव्हे, हे हिणवणं आहे. समोर बसून याच सुरात बोलला असतात का? लेख लांबला, हे मात्र मान्य. न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या जुन्या ‘बॉल्स’बद्दल, म्हणजे समलिंगी आणि ट्रान्स लोकांच्या वेशभूषा-नाचाच्या स्पर्धांबद्दल, थोडं कमी लिहिलं असतं तरी चाललं असतं.

आता तुमचं मुख्य वाक्य: “मासिकातल्या मॉडेल्सच्या पोझेसची नक्कल, त्यात कसली आलीय संस्कृती?”

पोझेस ‘व्होग’ या फॅशन मासिकातून आल्या, नावही तिथलंच, हे मीच लिहिलंय. पण त्या कोण घेत होतं, ते तुम्ही सोयीस्कर गाळलंत. न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी व ट्रान्स पोरांना त्या पानांवर जागा कुठे होती? स्त्रीवेशात उतरायच्या ड्रॅग स्पर्धांमध्येही झुकतं माप गोऱ्यांनाच. १९६७ साली कृष्णवर्णीय स्पर्धक क्रिस्टल लाबेजा अशाच एका स्पर्धेच्या मंचावरून तडक निघून गेली, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिच्या नावाचं ‘हाउस’, म्हणजे मानलेलं कुटुंब, उभं राहिलं. अशा हाउसेसनी घराबाहेर काढलेल्या कितीतरी पोरांना आडनाव दिलं, ‘मदर’ दिली. व्होगिंग वाढलं ते त्यांच्या बॉल्समध्ये.

आणि मासिकातली मॉडेल कुणाशी भांडत नसते. इथे समोर प्रतिस्पर्धी असतो. व्होगिंगमधला नावाजलेला नर्तक विली निंजा हाताचाच पावडरचा डबा करायचा, आधी स्वतःचा चेहरा रंगवायचा आणि मग त्या डब्यातला आरसा समोरच्याकडे वळवायचा: बघ, तुला याची जास्त गरज आहे! एक शब्द न बोलता केलेला अपमान, मारामारीऐवजी. पुढे याच निंजाकडून मॉडेल्स रॅम्पवर चालायला शिकल्या. मग नक्कल कोणी कोणाची केली?

मी सांगलीचा. शाळेच्या गॅदरिंगमध्ये लावणी केली, त्यानंतर व्हरांड्यात पोरं माझ्या चालण्याची नक्कल करत मागून यायची. शिक्षकही हसायचे. त्यामुळे नक्कल कशाला म्हणतात, हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही. नोकरीनिमित्त न्यू जर्सीत असताना एक बॉल पाहिला. माझ्यासारखंच मनगट सैल सोडून चालणारा एक मुलगा शेवटच्या ठेक्यावर एक पाय दुमडून पाठीवर कोसळला, आणि परीक्षकांनी ओळीने दहा-दहा दाखवले. ज्या चालीसाठी मी मान खाली घालून वावरलो, तिला पैकीच्या पैकी गुण. याला संस्कृती म्हणायचं नसेल तर तुम्ही कशाला म्हणता, ते तरी सांगा.

पॉप गायिका मॅडोनाने हे जगभर नेलं, हे खरंच. पण तिच्या १९९० च्या ‘व्होग’ गाण्याचा नाच बसवणारे होजे आणि लुईस हे एक्स्ट्राव्हगांझा हाउसचेच होते. तेही लेखात आहे, वाचलं असतंत तर दिसलं असतं. ‘आपल्या मातीतलं लिहा’ या तुमच्या सल्ल्यावर काही बोलत नाही. काय लिहायचं ते मी ठरवेन.

पुन्हा लिहिलंत तर जरूर छापेन. ‘असले लोक’ मात्र वगळून पाठवा.