प्रश्न विचारण्याची सुरक्षित रीत

ठाऊक नसलेली गोष्ट दुसऱ्याकडून काढून घेण्याचे साधन म्हणजे प्रश्न, अशी समजूत घेऊन आपण आमच्या वऱ्हाडातल्या एखाद्या खेड्यात राहायला येणार असाल, तर ती फाट्यावरच उतरवून ठेवावी. हातात पिशवी घेऊन अमरावतीच्या एसटीची वाट पाहणाऱ्या आपल्याला "कुठी चाल्ले भाऊ?" असे विचारणाऱ्याला आपले जाणे दिसतच असते, त्याला फक्त ओळख राखायची असते. आपणही "हे इथंच" म्हणावे. अमरावती चाळीस किलोमीटर असली तरी चालते.

मराठीने या कामी मोठी सोय करून ठेवली आहे. 'का' वाक्याच्या शेवटी ठेवला की पाहुणचार होतो आणि क्रियापदाच्या अलीकडे सरकवला की भांडण. "जेवता का?" असे विचारणारा यजमान ठरतो, त्यानेच पाहुण्याला "का जेवता?" असे विचारून पाहावे. वऱ्हाडीने तर धोका ओळखून या दुसऱ्या 'का'ला 'काहून' हा वेगळाच शब्द दिला आहे. तो शहाण्याने वयाने आणि पदाने लहान असलेल्यांवरच वापरावा. आमच्या गावात वरून खाली सुरळीत वाहते ते एवढेच.

गेल्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत एका पोराने हा नियम मोडला. हजेरीच्या रजिस्टरवर सह्या आटोपल्या होत्या, चिवड्याच्या पुड्या निघत होत्या, आणि तो उभा राहून म्हणाला, "टाकी बांधून दोन वर्सं झाले, मंग पानी काहून येत नाही?" सचिवांनी बोट आत ठेवूनच रजिस्टर मिटले. मग उत्तरादाखल प्रश्न आले: तुह्या घरची पानीपट्टी भरली का? तुले कोनं शिकोलं? तू कोनाकून आहे? चहा झाला का सगळ्यायचा? शेवटच्या प्रश्नाला सभेने एकमुखाने उत्तर दिले. 'पाणीपुरवठ्यावर सविस्तर चर्चा झाली' अशी इतिवृत्तात नोंद झाली.

आता कोणी शेंडगावच्या गाडगेबाबांचा दाखला देईल. बाबा कीर्तनात श्रोत्यांना प्रश्नामागून प्रश्न विचारत आणि उत्तरही त्यांच्याच तोंडून वदवून घेत, हे खरे. पण त्या विचारण्याआधी हातात खराटा घेऊन गाव झाडावे लागते. आपल्याला ते झेपणार आहे का? (पाहा, 'का' कसा शेवटी ठेवला.)

अगदीच राहवत नसेल, तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये भरून अर्ज करावा. विषय एकच असावा, शब्द 150 च्या आत असावेत आणि उत्तरासाठी 30 दिवस थांबावे. माहिती कशासाठी हवी, हे अर्जदाराला विचारायचे नाही, असे कायदा सांगतो, म्हणून ते कार्यालयात न विचारता संध्याकाळी पानठेल्यावर विचारले जाते. मात्र अर्जातही 'काहून' नको. 'का' या प्रश्नाचे उत्तर म्हणजे या कायद्यातली माहिती नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 मध्येच सांगितले आहे. आमच्या ग्रामसभेला ते त्याच्याही आधीपासून ठाऊक होते.

तो पोरगा आता सुधारला आहे. परवा दोन रिकाम्या कॅना घेऊन मी विहिरीकडे निघालो होतो, तेव्हा समोरून भरलेल्या कॅना सावरत येताना त्याने अदबीने विचारले, "पान्याले चाल्ले का काका?"

"हो ना बा," मी म्हणालो.