‘बेसमेंटच हप्ता भरेल’ म्हणणाऱ्यांनो

आज सकाळी एका दादाने आपल्या ग्रुपवर कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या एका घराची, एजंटने केलेली जाहिरात टाकली आणि ‘कसं वाटतंय?’ विचारलं. ‘वर तुम्ही राहा, खाली भाडेकरू ठेवा, बेसमेंटच हप्ता भरेल.’ खाली लाइकच्या अंगठ्यांची रांग. शेवटच्या फोटोत बेसमेंटची बेडरूम: पांढरीशुभ्र गादी, दिव्यांची माळ आणि छताला चिकटलेली एक सरकती खिडकी. फार तर 30 इंच रुंद, 16 इंच उंच. सरकती, म्हणजे पूर्ण उघडली तरी निम्मीच उघडणार. त्यातून शाळेचं दप्तर आडवं करून जाईल. माणूस नाही जायचा.

ओन्टारिओ प्रांताच्या बिल्डिंग कोडप्रमाणे झोपायची खोली असलेल्या मजल्यावर बाहेर पडता येईल अशी खिडकी लागते. उघडल्यावर मोकळी जागा किमान 0.35 चौरस मीटर, आणि कुठलीही बाजू 380 मिलिमीटरपेक्षा कमी नको. म्हणजे एक बाजू 15 इंच धरली तर दुसरी 36 इंचांच्या वर जाते. फोटोतली त्याच्या निम्मीही भरत नाही. त्याच मजल्यावरून थेट बाहेर उघडणारं दार असेल तर सवलत आहे, मान्य. पण या घरात जिना स्वयंपाकघरातून उतरतो. रात्री वर गॅसवर काही पेटलं, तर खालच्या पोराने जायचं कुठून?

आणि ‘खिडकी काय, मोठी करून घेऊ’ हे फार सोपं वाटतं लोकांना. पायाची काँक्रीटची भिंत कापायची, वर लिंटेल द्यायचा, परमिट काढायचं, बाहेर खड्डा घेऊन खिडकीसमोर किमान 550 मिलिमीटर जागा मोकळी ठेवायची. त्या खड्ड्याच्या तळाला निचरा करून तो पायाच्या ड्रेनला जोडला नाही, तर मार्चमध्ये बर्फ वितळला की सगळं पाणी थेट त्या पांढऱ्या गादीवर.

खिडकी निदान दिसते तरी. न दिसणाऱ्या गोष्टी जास्त महाग पडतात. वरच्या आणि खालच्या घरामधल्या छताला आणि भिंतींना आग ठरावीक मिनिटं अडवणारा ड्रायवॉल (जिप्समचा बोर्ड) लागतो, मधल्या दाराला ते आपोआप बंद करणारी यंत्रणा लागते. धुराचे अलार्म एकमेकांना जोडलेले हवेत, खालचा वाजला की वरचाही वाजला पाहिजे. दोन्ही मजल्यांना एकच फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी) असेल तर तिच्या हवेच्या डक्टमध्ये धूर ओळखून पंखा बंद करणारा डिटेक्टर, नाहीतर फर्नेसच धूर घरभर पोहोचवेल. विजेच्या 100 अँपिअरच्या पॅनेलवर दोन शेगड्या, ड्रायर आणि उद्या गाडीचा चार्जर? आधी इलेक्ट्रिशियनकडून लोडचा हिशोब करून घ्या. मग बेसमेंटची महापालिकेत ‘दुसरं घर’ म्हणून नोंदणी. ही नोंद आहे की नाही हे ऑफर द्यायच्या आधी तपासा, सह्या झाल्यावर नाही.

कारण कराराच्या कागदात बारीक अक्षरांत एक ओळ हमखास असते: बेसमेंटच्या रेट्रोफिटबद्दल, म्हणजे नंतर केलेले बदल नियमात बसतात की नाही याबद्दल, विक्रेता आणि एजंट कसलीही हमी देत नाहीत. जाहिरातीत ‘हप्ता भरेल’ आणि करारात ‘हमी नाही’. काय म्हणायचं याला?

बरं, भाड्याने आधार मिळतो हे मीही नाकारत नाही. त्याशिवाय कित्येक घरं इथे उभीच राहिली नसती. पण आकडेमोड तरी खरी करा. 8 लाख डॉलरचं घर. पहिल्या 5 लाखांवर 5 टक्के, उरलेल्यावर 10, म्हणजे किमान 55,000 हातचे. इतकं कमी डाउन पेमेंट म्हणजे कर्जाचा विमा आला: कर्जाच्या 4 टक्के, 29,800. तो कर्जात मिसळतो, पण त्या 29,800 वरचा 8 टक्के प्रांतिक कर, 2,384 डॉलर, क्लोजिंगला (व्यवहार पूर्ण होताना) रोख. जमीन हस्तांतरण कर 12,475. ‘पहिलं घर आहे, 4,000 परत मिळतील’ म्हणाल तर थांबा. ‘पहिलं’ म्हणजे जगात कुठेही पहिलं. कोथरूडचा वन बीएचके तुमच्या नावावर असेल तर ती सूट गेली. जोडीदाराच्या नावावर लग्नानंतर कधी घर असेल, तरी तेच. हे कागद भरताना लपवणारे महाभागही आहेत, त्यांना माझा नमस्कार.

वर्क परमिटवर आलेल्यांनी तर आणखी जपून. परदेशी खरेदीदारांवरची कॅनडाच्या केंद्र सरकारची बंदी 1 जानेवारी 2027 पर्यंत आहे. परमिटचे 183 किंवा जास्त दिवस शिल्लक असतील तर एक घर घेता येतं. पण ओन्टारिओचा 25 टक्के अनिवासी कर वेगळाच. 8 लाखांवर 2 लाख डॉलर! चार वर्षांत पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) झालं आणि बाकी अटी पाळल्या तर परत मागता येतो, पण तोवर द्यायचा तुमच्याच खिशातून. पीआर हातात येईपर्यंत भाड्याने राहिलात म्हणून कुणी हसणार नाही.

आणि पुण्यातला अकरा महिन्यांचा करार डोक्यातून काढून टाका. इथे मुदत संपली की भाडेकरू उठत नाही, करार महिन्या-महिन्याने आपोआप चालू राहतो. डिपॉझिट म्हणून फार तर शेवटच्या महिन्याचं भाडं, आणि त्यावर भाडेकरूला व्याज तुम्हीच द्यायचं. नुकसानीपोटी वेगळं डिपॉझिट घेणं बेकायदा. आई-बाबा येणार म्हणून खालची जागा हवी असेल तर 60 दिवसांची नोटीस आणि एक महिन्याच्या भाड्याइतकी भरपाई. नाहीच उठला तर घरमालक-भाडेकरू वादांच्या ट्रिब्युनलची तारीख येईपर्यंत हप्ता तुमचा तुम्हीच भरायचा. विमा कंपनीला भाडेकरूबद्दल कळवलं नसेल तर दावा फेटाळला जाऊ शकतो, हे वेगळंच. भाड्याचं उत्पन्न प्राप्तिकराच्या टी776 फॉर्मवर दाखवा, खर्च क्षेत्रफळाच्या प्रमाणात वजा करा. घसारा मात्र घेऊ नका, घर विकताना राहत्या घराची करसवलत अडचणीत येते.

आता जरा शांत झालोय. सकाळी भडकलो ते एजंटवर नाही, त्याचा तो धंदाच आहे. त्या अंगठ्यांवर भडकलो. कारण त्या खोलीत झोपणार कोण? लातूरची, नाशिकची, जळगावची पोरं. कॉलेज, मग रात्रीची शिफ्ट, आणि भाडं कमी पडतंय म्हणून हीच खोली. ती टेप लावून खिडकी मोजणार नाहीत, ‘मराठी घर आहे’ एवढंच बघतील आणि सामान टाकतील. वर आपली आरती चालू असेल आणि खाली ती खिडकी.

ज्या दादाने जाहिरात टाकून ‘कसं वाटतंय?’ विचारलंय, त्याच्यासाठी: उद्या संध्याकाळी बघायला जाताय ना? खिशात टेप ठेवा. खिडकी पूर्ण उघडा. चौकट मोजू नका, मोकळी जागा मोजा. आकडा इथेच कमेंटमध्ये टाका, मी जागा आहे.