बर्लिन-पॅरिस मैत्री मंडळ चालवायचंय? मग आधी मैत्रीचं टेन्शन सोडा

रिटायर झालात, पोरं मार्गी लागली, बर्लिनमधे इतकी वर्षं काढलीत की हिवाळ्याबद्दल कुरकुर करायचाही कंटाळा येतो, आणि एक दिवस अचानक मनात आलं की युरोपातल्या राजधान्यांमधे मैत्री वाढली पाहिजे. छान. राजधान्यांचं आपापसात काही बिघडलंय असं कोणी तुम्हाला सांगितलेलं नाही, पण समाजसेवेला तक्रारदार लागतोच असं कुठे आहे. आमच्या मंडळाचा सचिव या नात्याने चार अनुभवाच्या गोष्टी सांगतो, ऐकाव्यात अशी विनंती.

पहिलं काम स्थळ बघणं. पॅरिसच घ्या, पण मान मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. रोम आणि पॅरिस यांनी १९५६ साली जुळी शहरं म्हणून करार केला तेव्हा जाहीरच करून टाकलं की पॅरिसच्या लायकीचं फक्त रोम आणि रोमच्या लायकीचं फक्त पॅरिस, म्हणजे बाकी दुनियेने काय ते समजून घ्यावं. एवढी आणभाक झाल्यावर पॅरिसने इतर शहरांशी ढिगाने मैत्री आणि सहकार्याचे करार केले ते वेगळं, फक्त त्यातल्या कोणाला जुळं म्हणायचं नाही. बर्लिनचा नंबर १९८७ ला लागला. तेव्हा जाक शिराक पॅरिसचे महापौर होते आणि त्याच वेळी देशाचे पंतप्रधानही होते. हे नीट लक्षात ठेवा, मंडळात याचा फार उपयोग होतो. दुसरं पद मिळालं म्हणून पहिलं सोडायचं नसतं.

आता गंमत अशी की १९८७ ला सही करणारं बर्लिन म्हणजे पश्चिम बर्लिन, आणि ते कशाचीच राजधानी नव्हतं. पश्चिम जर्मनीचा कारभार बॉनहून चालायचा, भिंतीपलीकडचं बर्लिन स्वतःला राजधानी म्हणवायचं पण सहीला ते नव्हतं. कागदोपत्री बर्लिन राजधानी झालं १९९० ला, आणि संसद आणि सरकार खरंच बॉनहून इकडे आणायचं का याचं मतदान झालं जून १९९१ मधे, ३३८ विरुद्ध ३२०. अजून दहा खासदारांचं मन फिरलं असतं तर तुम्ही आज बॉनच्या एखाद्या हॉलमधे खुर्च्या मांडत असता. हे उद्घाटनाच्या भाषणात मुळीच सांगू नका. भाषणात ‘दोन शहरांचे शतकानुशतकांचे ऋणानुबंध’ एवढंच म्हणायचं आणि पुढे सरकायचं. कोणी खोदून विचारलंच तर सांगा की पहिली सांस्कृतिक देवाणघेवाण १८०६ सालची, नेपोलियन ब्रांडेनबुर्ग गेटवरचा चार घोड्यांचा रथच्या रथ उचलून पॅरिसला घेऊन गेला, आणि तो १८१४ ला परत आला. त्यानंतर १८७१ ला जर्मन मंडळी रिटर्न व्हिजिटला गेली आणि पॅरिसजवळच्या व्हर्सायच्या आरसेमहालात स्वतःचं साम्राज्य जाहीर करून आली. येणंजाणं पहिल्यापासून होतंच.

मग नोंदणी. जर्मन कायद्याप्रमाणे संस्था कोर्टाच्या रजिस्टरमधे घालायला कमीत कमी सात सभासद लागतात. सहा माणसं पटकन मिळतात, घोडं सातव्यावर पेंड खातं. तर सातवा असा निवडा की ज्याला पॅरिसशी काही देणंघेणं नाही, ज्याला फ्रेंच येत नाही, जो पुन्हा कधी मीटिंगला येणार नाही, म्हणजे वाद घालायलाही येणार नाही. (आमच्याकडे ही सेवा मी बजावली. हजर न राहणं जमलं नाही आणि सचिव झालो.) एकदा नोंदणी झाली की टेन्शन नाही, सभासद तीनच्या खाली जाईपर्यंत कोर्ट तुम्हाला हात लावत नाही. सातचे तीन व्हायला किती वर्षं लागतात हे अध्यक्षांच्या स्वभावावर आहे.

अध्यक्ष बदलायचा विचार करताय? नका करू. नवा अध्यक्ष आला की पुन्हा सहीला नोटरी, पुन्हा अर्ज, पुन्हा रजिस्टरमधे बदल, पुन्हा फी. हा मुद्दा दर निवडणुकीत उपस्थित करायचा, तोही आधीच्या अध्यक्षांनीच, आणि डोळ्यात पाणी आणून म्हणायचं की मला खरं तर सुटायचंय हो, पण संस्थेला खर्चात कशाला पाडू. टाळ्या. बिनविरोध.

करसवलत पाहिजे असेल तर टॅक्सच्या कायद्यात सार्वजनिक हिताच्या कामांची यादी आहे, त्यात आंतरराष्ट्रीय सलोखा आणि देशादेशांमधला समजूतदारपणा हे अगदी अधिकृतपणे आहे. थोडं खाली त्याच यादीत कार्निव्हल, मॉडेल विमानं उडवणं आणि कुत्र्यांचे खेळ पण आहेत, त्यामुळे फार हुरळून जायचं कारण नाही. आणि हो, घटनेत पहिल्याच दिवशी लिहून द्यावं लागतं की संस्था बंद पडली तर उरलेले पैसे कोणाला जातील. मैत्री व्हायच्या आधी तिच्या तेराव्याची सोय. यावर आमची अडीच तास चर्चा झाली आणि ती आजवरची सगळ्यात मनापासूनची चर्चा होती.

तिकडे पॅरिसला तुमची जोडीदार संस्था असेल ती फ्रान्सच्या १९०१ च्या संस्था कायद्याखालची, आणि तिथे दोनच माणसं पुरतात. ती दोन माणसं बहुतेक वेळा नवराबायको असतात. म्हणजे त्यांची जनरल बॉडी नाष्ट्याला भरते आणि ठराव कॉफी संपेपर्यंत पास होतो, आणि तुम्ही इकडे कोरमसाठी सातव्याला फोन करत बसता. हेवा वाटेल, पण तसं दाखवायचं नाही. ऑगस्टमधे त्यांना इमेल पाठवायचं नाही, ऑगस्टमधे पॅरिसमधे कोणी नसतं. सप्टेंबरमधे ते ऑगस्टची इमेलं वाचत असतात. पत्रव्यवहार सगळा इंग्रजीत ठेवा, म्हणजे ज्या राजधानीने २०२० ला युरोपियन युनियनमधून सामान आवरलं तिच्या भाषेत, नाहीतर दोन्हीकडच्यांना एकमेकांचं नक्की म्हणणं काय आहे ते कळेल आणि मग निस्तरत बसावं लागेल.

बॅनर हा स्वतंत्र विषय आहे. बर्लिन-पॅरिस लिहायचं का पॅरिस-बर्लिन? पाहुणे आधी की यजमान आधी? पाहुणे आधी म्हणावं तर आपण त्यांच्याकडे गेलो की आपण पाहुणे, मग तोच बॅनर तिकडे चालणार नाही, म्हणजे दोन बॅनर, म्हणजे खजिनदार उठून उभे. शेवटी आमच्याकडे एकाच कापडावर दोन्ही बाजूंनी उलटसुलट छापून घेतलं आणि हॉलच्या मधोमध छताला दोऱ्यांनी टांगलं. खाली हीटर होता. तो तापला की बॅनर हळूहळू फिरायला लागायचा, आणि आमचे अध्यक्ष भाषण करता करता वर बघायचे आणि पॅरिस आलं की थांबायचे, बर्लिन आलं की पुढचं वाक्य. फोटोत मात्र बॅनर बरोब्बर कडेने आलाय, नुसती एक उभी रेघ.

शिष्टमंडळ आलं की पाहुणचार. बर्लिनतर्फे अस्वल द्यायचं, कारण शहराच्या मानचिन्हावर अस्वल आहे. ते आयफेल टॉवर देतील. पुढच्या वर्षी पुन्हा अस्वल, पुन्हा टॉवर. आमच्या कपाटात पितळी, काचेचे, एक साबणाचा आणि एक थर्मामीटर असलेला असे टॉवर दाटीवाटीने उभे आहेत, आणि तिकडे त्या नवराबायकोच्या फ्लॅटमधे अस्वलांची काय अवस्था असेल ते मी विचारलेलं नाही, त्यांनी पण टॉवरांचं विचारलेलं नाही, हाच काय तो समजूतदारपणा. जेवण सहाला ठेवा. पाहुण्यांना आठच्या आधी भूक लागत नाही, त्यामुळे बटाट्याचं सॅलड त्यांच्यासमोर दोन तास नुसतं बसून राहतं आणि तेवढ्या वेळात पाच भाषणं होतात. माद्रिदवाल्यांशी पण मंडळ काढू असं मधे एकजण म्हणाले होते, त्यांना मी जेवणाच्या वेळेची फक्त आठवण करून दिली.

प्रवासाची व्यवस्था तुम्ही करू नका, ती मोठ्यांनी केलेली आहे. बर्लिन ते पॅरिस रात्रीची गाडी डिसेंबर २०२३ ला गाजावाजा करून पुन्हा सुरू झाली, दोन्ही राजधान्यांच्या मैत्रीचं प्रतीक वगैरे, आणि ती चालवत होती ऑस्ट्रियाची रेल्वे, म्हणजे व्हिएन्ना. फ्रेंच सरकारने अनुदान थांबवल्यावर व्हिएन्नाने डिसेंबर २०२५ ला गाडी काढून घेतली. दिवसाची थेट गाडी आहे २०२४ पासून, आठ तास, तीत बसून अहवाल लिहून होतो. अहवालात ‘संबंध अधिक दृढ झाले’ हे वाक्य लागतंच. किती दृढ ते लिहू नका, पुढच्या वर्षी त्यापेक्षा अधिक दृढ करायचे असतात.

एवढं सगळं सांभाळून सुद्धा कधीतरी खरी मैत्री होते, आणि त्यावर लगेच लक्ष ठेवायला पाहिजे. आमच्याकडे झाली एकदा. सभासदांपैकी एक बाई सॅलडच्या टेबलापाशी पॅरिसच्या एका बाईंशेजारी बसल्या, दोघींनाही भाषणांचा कंटाळा आला होता, एकीने पर्समधून टोमॅटोच्या बियांची पुडी काढली, दुसरीने फोनवर आपली बाल्कनी दाखवली, आणि दोघी बॅनरकडे पाठ करून तासभर हातवाऱ्यांनी बोलत राहिल्या. आता ही तिच्याकडे आठवडाभर जाऊन राहते, ती हिच्याकडे येते, एकमेकींच्या नातवंडांची नावं पाठ आहेत. आमच्या मार्फत नाही, इतिवृत्तात नोंद नाही, फोटो नाही, अस्वल नाही. शिस्तीच्या दृष्टीने हे बरं नाही. कमिटीत विषय निघाला तेव्हा अध्यक्ष म्हणाले की याचं श्रेय मंडळाला घेता येईल का बघा, पण दोघींनी वार्षिक अहवालासाठी दोन ओळी लिहून द्यायला सपशेल नकार दिला, वेळ नाही म्हणाल्या, रोपं लावायची आहेत.

तुमच्याकडे असं झालं तर भावनेच्या भरात जाऊ नका. वर्गणीची वही काढा. असले लोक हमखास थकबाकीत असतात. रीतसर नोटीस पाठवा, आणि एक प्रत पॅरिसला.