अकरावी शाल

शाल माझ्या खांद्यावर मोजून वीस सेकंद होती. फोटोग्राफर म्हणाला, "सर, जरा तोंड वर करा." मी केलं. तेवढ्यात मागून गुरुजींनी ती अलगद उचलली, कानात म्हणाले, "मनाला लावून घेऊ नको, ड्रायव्हर राहिला की रे," आणि पाहुण्यांच्या जीपच्या ड्रायव्हरला पांघरली. अकराच शाली आणल्या होत्या. नारळ तेवढा माझ्या हातात राहिला.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीकडं. तिथल्या मराठी शाळेत इटलीहून दोन मुली स्वयंसेवक म्हणून आल्या होत्या. दोन आठवडे त्यांनी इंग्रजी शिकवलं, भिंतीवर मोर काढला आणि गेल्या शनिवारी त्यांचा निरोप समारंभ झाला. मी दुभाषी. तसा मी बेळगावात, उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत हिशेब लिहितो. पण शाळेला येणाऱ्या कन्नड परिपत्रकांचा अर्थ गुरुजींना व्हॉट्सअॅपवर मराठीत सांगायचं काम गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे, तेव्हा इटलीही माझ्याच गळ्यात येणार हे ओघानंच आलं.

पाहुणे म्हणून आलेले साहेब कन्नडमध्ये सव्वीस मिनिटं बोलले. त्याचं मी मराठी केलं, ते भरलं चार मिनिटं. इंग्रजी केलं, ते झालं "ही इज व्हेरी हॅपी." थोरलीला तेही कळेना, कारण माझं इंग्रजी बेळगावचं. तिनं धाकटीला विचारलं. धाकटी इटालियनमध्ये पाच मिनिटं हातवारे करत बोलली. साहेबांचं भाषण तिकडं जाऊन परत फुगलं. नेमकं काय फुगलं ते मला आजही माहीत नाही.

मग माइक सुभेदारआबांनी घेतला. आबांचं नाव कधीच कार्यक्रमपत्रिकेत नसतं आणि माइक दरवेळी त्यांच्याच हातात असतो. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त, वय पंच्याहत्तरच्या पुढं. बेळगावच्या सेंटरबाहेर जग आहे, पण ते शिस्तीत नाही, असं त्यांचं मत.

"ह्या कुठल्या म्हणालास?" त्यांनी माइकमध्येच मला विचारलं.

"इटलीच्या, आबा."

"इटली!" काठी आपटली. "माझा बा गेल्ता की इटलीला! इचार तिला."

मी म्हणालो, "हिज फादर व्हिजिटेड युवर कंट्री." मुली खूश. धाकटीनं विचारलं, "टूरिस्ट?"

"काय म्हणाली?"

"फिरायला गेले होते काय, विचारतेय."

मुलं हसली. आबांनी नुसतं बघितलं, मुलं गप्प झाली.

"फिरायला? रायफल घेऊन? सांग तिला, पलटणीतनं गेल्ता. कुणी धरून नेलं नव्हतं, आपणहून भरती झाल्ता. ह्यांना काय म्हणतात गा?"

"व्हॉलंटियर."

"हां. तर माझा बा पण वालंटियरच. ह्यांच्या नदीच्या चिखलात हिवाळा काढला त्यानं. खरं, परत निघताना एक शाल तरी घातली काय ह्यांनी? इचार!"

आता हे कसं विचारायचं? समोर दोन पोरी, डोक्याला फेटे, हातात कुंद्याची वाटी. मी म्हणालो, "ही सेज, थँक यू फॉर कमिंग."

"एवढंच?" आबा कडाडले. "मी एवढं बोललो आणि तू दोन शब्दात उरकलंस? मघाशी साहेबाचं पण असंच केलास काय गा?"

साहेबांना मराठी चांगलं समजतं, हे मला तेव्हा कळलं.

आबांचं बोलणं अगदीच हवेतलं नव्हे. दुसऱ्या महायुद्धात, 1944 च्या जुलैत, इटलीतल्या टायबर नदीच्या खोऱ्यात लढताना मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे पडले; त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तिकडच्या मोंतोने गावात 2023 साली त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं. एकोणऐंशी वर्षं लागली. त्या हिशेबानं माझ्या शालीला अजून उशीर झाला, असं काही म्हणता येत नाही.

तर माइक सोडवायला आबांना शाल घालावी लागली. ती दहावी. यादीत ती माझी होती. अकरावी ड्रायव्हरची, ती गडबडीत माझ्या अंगावर आली, आणि पुढचं सांगितलंच.

पोरी रडल्या, मुलं रडली, स्वयंपाकाच्या मावशींनी पदर डोळ्याला लावला. मलाही भरून आलं, नाही कशाला म्हणू? पोरी चांगल्या होत्या. पण सात वर्ग आणि दोन मास्तर अशी ती शाळा आहे; त्यातला एक कायम कसल्यातरी सर्व्हेला गावभर फिरत असतो. दुसरा वर्षानुवर्षं चार वर्ग एका खोलीत बसवून शिकवतोय, त्याला कुणी फेटा बांधलेला मी बघितला नाही. साहेबांच्या सव्वीस मिनिटांत तिसऱ्या मास्तराचा शब्द नव्हता. असता तर तेवढं मी नक्की भाषांतर केलं असतं, अक्षर न गाळता. निरोपाचं बॅनर वीस फुटी. त्यावर मराठी सगळ्यात खाली, ती पण खुर्च्यांच्या मागं झाकलेली. मराठी शाळेच्या बॅनरवर! हे मी गुरुजींना बोललो, तर म्हणाले, "बारीक आहे खरं, आहे न्हवं? गप बस."

परतीच्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही, मला होतं. मांडीवर नारळ. वाटेत जीपनं आम्हाला ओव्हरटेक केलं. भर उन्हात ड्रायव्हरच्या अंगावर शाल. त्यानं ओळखीचा हॉर्न दिला.

रात्री गुरुजींचा फोन. मला वाटलं, आभार मानतील.

"एक परिपत्रक पाठवलंय, सकाळपर्यंत सांग. आणि अरे, तो नारळ पण ड्रायव्हरचाच होता. फोडला नाहीस न्हवं?"

फोडला होता. नासका निघाला.